पहिला आणि तिसरा शनिवार

«यजमान मे महिन्यात बँकेतून निवृत्त झाले. स्वभाव शांत, व्यसन नाही, मुलगी पुण्यात मार्गी लागलेली. पूर्वी थंडीतल्या शनिवारी मी गॅलरीत उन्हाला बसून, रेडिओ लावून तुरीच्या शेंगा सोलायचे. जेवायला चुरमुरे-शेंगदाणे खाल्ले तरी विचारणारं कुणी नव्हतं. आता तेही शेजारी पेपर घेऊन बसतात. भांडण नाही, तंटा नाही. पण अकरा वाजता ‘आज काय?’ विचारलं की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले आणि थेट तीनला जेवायला आले. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की नंतर स्वतःचीच लाज वाटली. मी कृतघ्न आहे का?»
– एक वाचक, नाशिक

ताई, कृतघ्न कशाच्या? साठीला यजमानांना निरोप समारंभ मिळाला, शाल-श्रीफळ मिळालं, पेन्शन सुरू झाली. तुमचा स्वयंपाक मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही होताच. उलट एका जेवणाने आणि दोन चहांनी वाढला. निवृत्त एकटे ते झालेत.

तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण हिशेब माझ्या लक्षात आला. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळाली, त्या बदल्यात पहिला-तिसरा अर्ध्याचा पूर्ण दिवस झाला. म्हणजे मुलगी शिकायला बाहेर पडल्यापासून महिन्यातले किमान दोन शनिवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुमचे एकटीचे होते. शेंगा, रेडिओ, चुरमुरे हे सगळं त्या दोन दिवसांतलं. ते कुणी मुद्दाम काढून घेतले नाहीत, म्हणून परत मागायचे कुणाकडे हेही कळेना झालंय.

आता सगळे सांगतील की त्यांना ज्येष्ठ नागरिक संघात घाला, हास्यक्लबात पाठवा, काहीतरी छंद लावा. मला हे पटत नाही. आयुष्यभर घड्याळाकडे बघून डबा भरून घेतलेल्या माणसाला थंडीतल्या उन्हात पेपर वाचत बसू द्यावं. घर त्यांचंही आहे. तुम्हाला त्यांची खुर्ची खुपत नाही, तो अकराचा प्रश्न खुपतो. कारण तो आला की तुम्हाला उठावं लागतं.

तेव्हा पहिला आणि तिसरा शनिवार परत घ्या. शुक्रवारी रात्री सरळ सांगा, «उद्या तिसरा शनिवार, मी रजेवर.» बँकेतल्या माणसाला ही भाषा लगेच समजेल. सकाळच्या चहानंतर संध्याकाळच्या चहापर्यंत स्वयंपाकघर त्यांच्याकडे. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, हळद, मीठ आणि कुकर एवढं एकदा दाखवा. नाहीच जमलं तर कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणतील. फक्त शुक्रवारी रात्रीच दोन भाज्या करून फ्रिजमध्ये ठेवू नका. बायका हमखास तेच करतात आणि मग रजा होते ती नुसती नावाला. महिन्यात पाचवा शनिवार आलाच तर बँक तेव्हाही चालू असते, म्हणजे तोही तुमचा.

हयातीच्या दाखल्याचा दिवस मात्र विसरू नका. तीन वाजेपर्यंत ते कुठे होते? जुन्या मंडळींत, चहा पीत. दिवसभर काउंटरवर माणसांशी बोलण्याची सवय असलेला माणूस आता ‘आज काय?’ विचारतो, तेव्हा त्याला दरवेळी भाजीच विचारायची असते असं नाही. पहिल्या शनिवारी शाखा उघडी असते, जाऊ दे त्यांना चक्कर मारायला. (दर आठवड्याला गेले तर तिथली मंडळी फायलीत तोंड खुपसतील, हेही सांगून ठेवा.) दुसरा-चौथा शनिवार पूर्वीसारखा दोघांचा. मटार-गाजर आणायला बाजारात जा, पौषात भोगीची भाजी करायची तर निवडायला त्यांना बसवा. एकत्र बसून शेंगा सोलताना गप्पा आपोआप निघतात.

एक गोष्ट गंभीरपणे विचारते. डोळ्यांत पाणी फक्त शनिवारीच येतं की रोज? झोप नीट लागते का, रेडिओ लावावासा वाटतो का? दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मदत क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण मी डॉक्टर नव्हे.

पहिल्या रजेला ते तीनदा विचारायला येतील. मोहरीचा डबा कुठला, शिट्ट्या किती, गॅस कधी बंद करू. बसल्या जागेवरून उत्तर द्या. खिचडी खारट झाली तर वर दही घ्या, उठून दुरुस्त करायला जाऊ नका.