रविवारी फोन बंद ठेवणार म्हणतोस, तर…

प्रिय दोस्ता,

'या रविवारी फोन पूर्ण बंद, २४ तास' हा तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला. वेळ बघून हसू आलं. बेत चांगला आहे, मी मोडता घालणार नाही. फक्त एकट्याने करू नकोस.

मी एकट्यानेच केला होता, कुणाला काही न सांगता. सकाळी दहापर्यंत झकास चाललं. मग हात खिशाकडे जायला लागला. एकदा तर मांडीला थरथर जाणवली म्हणून खिसा चाचपला, आत नुसत्या किल्ल्या! दुपारी आईने सात वेळा फोन लावला, लागेना म्हणून मामाला पिटाळलं. तो बिचारा भर उन्हात स्कूटरवरून दारात हजर, आणि मी शब्दकोडं सोडवत बसलेलो. त्याने काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनात शाळा मोबाइलवर गेली. पुन्हा वर्गात भरली तरी पोरांच्या हातातला मोबाइल काही सुटेना. २०२२च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातल्या बायकांची सभा झाली आणि ठरलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की मोबाइल आणि टीव्ही बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. ही ऐन मालिकांची वेळ, त्यामुळे बायकांच्या सभेत हे ठरलं याचं मला जास्त कौतुक. आधी लोकांनी हसण्यावारी नेलं. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. दीडच तास, पण अख्ख्या गावाचा. शेजारचा टीव्ही चालू असताना आपला बंद ठेवायला मनाचा हिय्या लागतो. सगळ्यांचाच बंद असला की भोंग्यावर काम भागतं.

तेव्हा तुझ्याबरोबर कोण, ते आधी बघ. मला विचारशील तर आजोबा. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर तुझं 'बरंय ना? जेवलात ना?' एवढ्यात आटपतं. समोर बसलास की त्यांना तुझे ओठ दिसतात, आणि मग गडी किती बोलतो ते मी पाहिलंय.

बाकी तयारी किरकोळ. शनिवारीच घरी आणि ऑफिसात सांगून ठेव. गजराचं घड्याळ आण, नाहीतर गजराच्या निमित्ताने फोन उशाशी येईल आणि पहाटेच खेळ खलास. खिशात सुटे पैसे ठेव. हल्ली वडापाववालाही आधी क्यूआर कोडकडे बोट दाखवतो. दोन-तीन नंबर कागदावर लिही, तुला आईचा तरी पाठ आहे का? आणि 'आज मी फोनमुक्त' असं स्टेटस टाकू नकोस, म्हणजे ते कुणी पाहिलं हे बघायची ओढ लागणार नाही.

रात्री बारा वाजता फोन उघडून सगळं एका दमात बघशील, ती भीती आहेच. एकादशी अन् दुप्पट खाशी! सोमवारी सकाळी चहा झाल्यावर उघड.

रविवारी मी घरीच आहे. चारच्या सुमारास आजोबांना घेऊन ये, चहा टाकतो. बेल बिघडली आहे, दार जोरात वाजव.

तुझा,
काका