लेखनाचा अर्धा बँड
वाचकांचे प्रश्न : परदेशी शिक्षणाची तयारी

प्रश्न : मी निगडीला राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात अभियंता म्हणून काम करतो. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण जुन्नर तालुक्यात मराठी माध्यमातून झाले. आयर्लंडमधील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मला आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत एकूण ६.५ आणि प्रत्येक विभागात किमान ६ बँड (म्हणजे गुणश्रेणी) हवे आहेत. पहिल्या प्रयत्नात श्रवण ७, वाचन ७, संभाषण ६.५ आणि लेखन ५.५ असा निकाल आला. महिनाभर रोज कामावरून आल्यावर मी एक पूर्ण सराव परीक्षा सोडवत आहे, तरी लेखनात फरक जाणवत नाही. पुढच्या परीक्षेला सहा आठवडे आहेत. सराव वाढवावा की क्लास लावावा?
— एक वाचक, निगडी

उत्तर : आपल्या चारही विभागांची सरासरी ६.५ येते, म्हणजे एकूण बँडची अट आपण आधीच पूर्ण केली आहे. अडले आहे ते फक्त लेखनाच्या अर्ध्या बँडपाशी. असे असताना रोज पूर्ण परीक्षा सोडवणे म्हणजे जिथे उणीव नाही त्या श्रवण-वाचनावर दीड तास खर्च करून, दिवसभराच्या कामाने थकलेल्या डोक्याने शेवटी लेखनाला बसणे होय. शिवाय श्रवण आणि वाचनाची उत्तरे उत्तरतालिकेशी ताडून पाहता येतात. लेखनाला अशी तालिका नसते, त्यामुळे लिहिलेला निबंध न तपासता वहीत पडून राहतो आणि कालचीच चूक आज पुन्हा होते. म्हणून पूर्ण सराव परीक्षा आता थांबवाव्यात आणि शेवटच्या आठवड्यात एखादीच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेखनाच्या ६० मिनिटांत किमान १५० शब्दांचे आलेखवर्णन आणि किमान २५० शब्दांचा निबंध अपेक्षित असतो, आणि निबंधाचे वजन वर्णनाच्या दुप्पट असते. निबंध तपासताना प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण हे चार निकष समान धरले जातात. मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी व्याकरणाचीच धास्ती घेतात, पण माझ्या अनुभवात त्यांचे गुण बहुधा पहिल्या निकषावर जातात. शाळेत निबंधाची सुरुवात सुभाषिताने किंवा ‘आजच्या विज्ञानयुगात’ अशा वाक्याने करण्याची सवय आपल्याला लागलेली असते. तीच सवय इंग्रजीत उतरली की पहिले साठ-सत्तर शब्द अक्षरशः कोणत्याही विषयाला चालतील अशा वाक्यांत संपतात आणि परीक्षकाला आपले मत शेवटपर्यंत सापडत नाही.

उदाहरणार्थ, शहराच्या मध्यभागी खासगी वाहनांना बंदी असावी या मताशी आपण कितपत सहमत आहात, असा प्रश्न आला असे समजू. वाहतुकीचे फायदे-तोटे सांगत बसण्याऐवजी पहिल्याच परिच्छेदात भूमिका घ्यावी : बंदी योग्य आहे, परंतु सार्वजनिक वाहतूक पुरेशी असेल तरच. पुढच्या परिच्छेदाला उदाहरण हवे, आणि ते लंडनचे असण्याची गरज नाही. पुण्यात २०२१पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवतात. तिथे पायी फिरणाऱ्या ग्राहकाला काय सोयीचे झाले, दुकानात माल उतरवणाऱ्याची काय अडचण झाली, वृद्ध माणसाला दूरवरच्या बसथांब्यापासून चालताना काय सोसावे लागले, हे साध्या इंग्रजीत लिहिले तर परिच्छेद आपोआप भरीव होतो. मुद्दा, त्यामागचे कारण, त्याचा दाखला आणि पुन्हा मूळ प्रश्नाशी सांधणारे वाक्य, एवढे एका परिच्छेदाला पुरते.

आता व्याकरणाकडे. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ आपल्या हातून सुटतात. ‘मी दोन वर्षांपासून काम करत आहे’ हे मनातले वाक्य ‘आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स’ असे कागदावर येते. तिथे ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स’ हवे. ‘विषयाबद्दल चर्चा करणे’ यातील ‘बद्दल’मुळे ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते, आणि ‘इन्फर्मेशन’ व ‘इक्विपमेंट’ यांना आपण अनेकवचनाचा प्रत्यय लावतो. आपल्या चुका शंभर प्रकारच्या नसतात. पाच-सहा प्रकारच्या असतात आणि त्याच पुन्हा पुन्हा येतात. म्हणून एक स्वतंत्र वही करावी, तिच्यात प्रत्येक चूक, तिचे दुरुस्त रूप आणि ती मराठीतल्या कोणत्या रचनेमुळे झाली हे लिहावे, आणि पुढचा निबंध संपल्यावर शेवटची चार मिनिटे केवळ त्या वहीतल्या चुका शोधण्यासाठी राखून ठेवावीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुनर्लेखनाची आहे. निबंध तपासून आल्यावर दोन दिवसांनी तोच विषय, जुना कागद समोर न ठेवता, चाळीस मिनिटांत पुन्हा लिहावा. विद्यार्थ्यांना हे कंटाळवाणे वाटते, कारण नवा विषय घेतला की पुढे गेल्यासारखे वाटते. परंतु दुरुस्ती हातात मुरते ती दुसऱ्या लेखनातच. सहा आठवड्यांत बारा विषय दोनदा लिहिलेत तर पुष्कळ झाले. आपली परीक्षा संगणकावर असेल तर हा सराव कळफलकावरच करावा. आलेखवर्णनात प्रत्येक आकडा नोंदवण्याचा मोह अभियंत्यांना फार होतो. त्याऐवजी एकूण कल काय दिसतो हे दोन वाक्यांत आधी सांगावे आणि कारणमीमांसेत शिरू नये.

क्लासविषयी विचारलेत. डेक्कन आणि फर्ग्युसन रस्त्यावर क्लासची कमतरता नाही, पण पैसे भरण्यापूर्वी एकच चौकशी करावी : माझा निबंध कोणी ओळ न ओळ वाचून लेखी शेरे देईल का, आणि दुसरा मसुदाही पाहील का? नकार मिळाला तर इंग्रजी उत्तम असलेले एखादे परिचित प्राध्यापक आपल्याला अधिक उपयोगी पडतील.

एक चौकशी मात्र आजच करावी. संगणकावर परीक्षा दिलेल्यांना काही केंद्रांवर मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत एकाच विभागाची फेरपरीक्षा देता येते. आपले विद्यापीठ असा निकाल स्वीकारत असेल आणि मुदत उरली असेल, तर बाकीचे तीन विभाग पुन्हा देण्याची गरजच उरणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी परीक्षेच्या संभाषण विभागासाठी ब्रिटिश धाटणीचे उच्चार घोकत आहे. ते आवश्यक आहे का?
— एक आई, सदाशिव पेठ

उत्तर : नाही. उच्चार हा संभाषणाच्या चार निकषांपैकी एक आहे, परंतु त्यात स्पष्टता पाहिली जाते. बोलण्यातली मराठी धाटणी हा दोष मानला जात नाही. ओढूनताणून आणलेल्या उच्चारांमुळे बोलण्याचा ओघ तुटतो आणि गुण जातात ते तिथे. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला आघात वेगळा ऐकू यावा, शब्दाचा शेवट गिळला जाऊ नये, एवढी काळजी पुरे. संभाषण ११ ते १४ मिनिटांचे असते आणि मधल्या भागात एक मिनिट विचार करून एखाद्या विषयावर दोन मिनिटांपर्यंत बोलायचे असते. त्यासाठी मुलीने रोज एक विषय घेऊन मोबाइलवर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि ते ऐकून कुठे अडखळलो हे टिपावे. पाठ केलेली उत्तरे परीक्षकाला लगेच ओळखू येतात, ती टाळावीत.

प्रश्न : सरासरी ६.२५ आली तर बँड कोणता धरतात, आणि निकाल किती काळ चालतो?
— एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : ६.२५ची सरासरी ६.५ धरली जाते आणि ६.७५ची ७. निकाल साधारणपणे दोन वर्षे ग्राह्य मानतात, त्यामुळे प्रवेशाचे वर्ष निश्चित होण्यापूर्वी परीक्षा देण्याची घाई करू नये.