मोडाचे मूग, दुकानांच्या पाट्या आणि शिरोरेषा

प्रिय दोस्ता,

पडद्यावर हलणारं पाच सेकंदांचं मराठी शीर्षक करायचंय, हातात तीन आठवडे आहेत, आणि साठवलेल्या चारशे चित्रांतून एक रेघही कागदावर उतरत नाही, असं तू लिहिलंस. ती चित्रं वाईट नाहीत. पण ती सगळी शिजून ताटात वाढलेली आहेत. मीठ किती पडलं, आच किती होती, पहिला घाणा का टाकून दिला, हे त्यांत कुठेच दिसत नाही. म्हणून ती बघून आनंद होतो, पण हात चालत नाही.

आज त्या चारशेंतली नऊच ठेव. प्रत्येकीखाली एक वाक्य लिही: यातून मी नेमकं काय घेतोय? ‘मस्त आहे’ हे वाक्य नव्हे. ‘निळी पट्टी मजकुराला ढकलते आणि स्वतः थांबते’ हे वाक्य. ज्या चित्राखाली असं वाक्य सुचत नाही, ते काढून टाक.

उरलेल्यांतली एकच हलती कलाकृती घे आणि तिची पाच सेकंदं मोज. आपल्याकडच्या टीव्हीचा वेग सेकंदाला 25 फ्रेम (एकेक स्थिर चित्र), म्हणजे पाच सेकंदांच्या 125 फ्रेम होतात. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाच्या आणि पूर्णविरामाच्या कळीनं एकेक फ्रेम मागेपुढे जाता येतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ कळ पुढची फ्रेम देते. दर पाचवी फ्रेम पेन्सिलीनं काढ. एका ए-फोर कागदावर पाच बाय पाच अशा पंचवीस चौकटी बरोबर मावतात. प्रत्येक चौकटीखाली दोनच गोष्टी लिही: काय हललं आणि काय स्थिर राहिलं. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. 1950च्या दशकात अमेरिकन डिझायनर सॉल बास यांनी चित्रपटांसाठी केलेल्या श्रेयनामावल्या अशा उलगडल्यास तर दिसेल की पडद्यावर मोजके आकार आहेत आणि त्यांतलेही बरेचसे बराच वेळ नुसते उभे आहेत.

इथे एक चूक हमखास होते. चित्रपट 24 फ्रेमचा असतो आणि नेटवरची प्रत कधी कधी 30ची. अशा प्रतीत साधारण दर पाचवी फ्रेम आधीच्या फ्रेमची हुबेहूब नक्कल असते. ती तुझ्या मोजणीत आली, तर हालचाल मध्येच अडखळते असा चुकीचा निष्कर्ष निघेल. सलग दोन फ्रेम सारख्या दिसल्या की आधी फाइलचा वेग तपास.

आता गतीबद्दल. तुझ्या नमुन्यातली प्रत्येक गोष्ट एकाच चालीनं येते आणि एकाच चालीनं थांबते. कारण सरळ आहे: आफ्टर इफेक्ट्स या हालचालीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या कीफ्रेमवर, म्हणजे हालचाल जिथे सुरू होते आणि थांबते त्या खुणांवर, तू एफ-9 दाबलंस. त्यातून प्रत्येक टोकाला 33.33 टक्क्यांचा तोच ठरीव प्रभाव मिळतो, मग दगड असो की पीस, दोन्ही सारखेच चालतात. हालचालीच्या आलेखातला वक्र बदलायला हवा हे तुला माहीत आहे. तो कशावरून बदलायचा, तिथे तू अडलायस. त्याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे.

रात्रभर भिजवलेले चार मूग ओल्या कापसावर, काचेच्या बशीत ठेव. फोन तिकाटण्यावर घट्ट बांध आणि दर 15 मिनिटांनी एक फोटो, असं 48 तास चालू दे. 192 फोटो होतात. सेकंदाला 24 लावलेस तर बरोबर आठ सेकंदांची फिल्म. खिडकी जाड कापडानं झाक आणि एकच दिवा सतत चालू ठेव, नाहीतर दिवस-रात्रीच्या उजेडानं फिल्म लुकलुकते. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक कर. कापूस वाळला तर ड्रॉपरनं कडेनं पाणी सोड. बशी हलली की सगळी फिल्म उडी मारते. फोन चार्जिंगला लावूनच ठेवायचा, आणि वायर आधीच चिकटपट्टीनं टेबलाला चिकटवून घ्यायची. तिचा धक्काही पुरतो.

फिल्म झाली की दर आठव्या फ्रेमवर मोडाच्या टोकाची जागा आलेखाच्या कागदावर मांड. चोवीस ठिपके मिळतील. ते जोडलेस की दिसेल: बराच वेळ जवळजवळ काहीच नाही, मग एकदम झेप, आणि टोक सरळ न जाता किंचित डुलत पुढे सरकतं. हा वक्र आफ्टर इफेक्ट्सच्या ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचालीच्या आलेखावर, हातानं उतरव. मुख्य हालचाल झेपेची आणि तिच्यावर स्वार झालेली बारीक डुलण्याची, या दोन वेगळ्या कीफ्रेम-माळा ठेव. दादासाहेब फाळक्यांनी पहिला कथापट करण्याआधी, 1912 साली, वाटाण्याच्या अंकुराची वाढ अशीच दिवसांमागून दिवस कॅमेऱ्यानं टिपली होती. त्याआधी चित्रकला, छायाचित्रण, छपाईचे ठसे (ब्लॉक) करणं आणि छपाई या सगळ्यांतून त्यांचा हात गेलेला होता. या माणसाकडे ग्राफिक आणि मोशन असे दोन वेगळे विषय नव्हते, आणि मला वाटतं तुझ्याकडेही नसावेत.

आकारांसाठी बाहेर पड. दुकानांच्या हातानं रंगवलेल्या पाट्या अजून आहेत, फक्त मुख्य रस्त्यावर कमी आणि आतल्या गल्लीत, गॅरेजांवर, पिठाच्या गिरण्यांवर, ट्रकच्या मागे जास्त. सगळी पाटी गोळा करू नकोस. एकच अक्षर ठरव, समजा ‘अ’, आणि वीस पाट्यांवरचा तोच ‘अ’ आण. दुकानदाराला विचारून फोटो घे. जवळून मान वर करून काढलेल्या फोटोत अक्षर वर निमुळतं होतं, म्हणून चार-पाच पावलं मागे जाऊन दुप्पट झूमवर, समोरासमोर उभं राहून काढ. शक्य असेल तिथे फूटपट्टी अक्षराशेजारी धर, आणि एक कोरा पांढरा कागदही. पांढरा कागद चौकटीत असला की रंग नंतर जागेवर आणता येतो; नाहीतर संध्याकाळच्या उजेडातला भगवा तू खरा समजशील.

घरी ते वीस ‘अ’ एकाच उंचीचे छापून ट्रेसिंग पेपरवर गिरव. आडव्या रेघेची जाडी अक्षराच्या उंचीत किती वेळा बसते ते प्रत्येकावर लिही. पेंटरनं पोट कुठे दाबलंय, काना कुठे खाली उतरवलाय, सावली कोणत्या बाजूला टाकलीय, हे गिरवताना हाताला कळतं. नुसतं बघून कळत नाही. आणि एक बोरू घे. देवनागरीच्या बोरूचा काप रोमन अक्षरांच्या टाकाच्या उलट तिरका असतो, त्यामुळे जाड-बारीकही उलट पडतं. हे न कळल्यामुळे कितीतरी मराठी शीर्षकं परकी वाटतात: अक्षर आपलं, पण जाडी रोमनची.

शब्दाचा स्वभाव अक्षरात कसा आणावा, ते पाहायला अक्षरचित्रकार कमल शेडगे यांची नाटकांची शीर्षकं शोध. तुझ्या गावच्या जुन्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली असतील तर त्यांतली नाटकांच्या जाहिरातींची पानं चाळ. दिवाळी अंकांचे जुने गठ्ठेही बघ. ‘मनोरंजन’नं 1909 साली ती प्रथा सुरू केली, तेव्हापासूनची मुखपृष्ठं म्हणजे मराठी मांडणीचं शतकभराचं दप्तर आहे. पुण्यात असशील तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली जुनी पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिका चुकवू नकोस.

आणि कधीतरी कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथली ठाकर मंडळी चित्रकथी सादर करतात: आख्यानातलं एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा, टाळ, हुडुकाच्या साथीनं कथा सांगायची. चित्र हलत नाही, तरी प्रेक्षक हलत नाही. घड्याळ लावून बघ, कोणतं चित्र किती सेकंद धरलं आणि कोणत्या शब्दावर बदललं. ‘होल्ड’ म्हणजे काय, चित्र किती वेळ तसंच धरून ठेवायचं, हे यापेक्षा नीट शिकवणारी जागा मला माहीत नाही. मात्र तिथल्या आकृत्या उचलून आपल्या शीर्षकात चिकटवू नकोस, वारलीच्याही नाही. आकृत्या हव्या असतील तर त्या कलावंताला काम दे, मोबदला दे आणि त्याचं नाव श्रेयात घाल. चित्राच्या मुक्कामाची लांबी मात्र शिकून घे.

आता तुझ्या फाइलकडे. शीर्षक टाइपरायटरसारखं उमटवलंस, तिथे सगळं बिघडलं. संगणक मराठी ज्या क्रमानं साठवतो आणि आपण ज्या क्रमानं वाचतो, ते दोन क्रम वेगळे आहेत. ‘स्थिती’मध्ये ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते ‘थ’च्या नंतर, पण दिसते ‘स्थ’च्या आधी, म्हणून आधी ‘स्थ’ उमटतो आणि मग वेलांटी मागून उडी मारून पुढे येते. ‘कीर्ती’मध्ये आधी पूर्ण ‘र’ दिसतो आणि दोन पावलांनी त्याचा रफार होऊन डोक्यावर चढतो. उपाय असा, की अक्षरागणिक तोडायचं, कळीगणिक नाही: ‘स्थि’ आणि ‘ती’, दोनच तुकडे.

कामाचा क्रम सांगतो. आधी आफ्टर इफेक्ट्समध्ये भारतीय लिपी जुळवणारं टेक्स्ट इंजिन चालू आहे ना, ते बघ. इलस्ट्रेटरमध्येही भारतीय लिपीला चालणारा कंपोझर (मजकूर जुळवणारी सोय) निवड. ते नसेल तर जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात. मग ‘शक्ती’, ‘दऱ्या’, ‘कल्लोळ’ असे शब्द टाकून फॉन्ट तपास. श आणि ल मराठी वळणाचे येतात का? हिंदी वळणाचे आले तर भाषा मराठी करून बघ, नाहीतर फॉन्ट बदल. ‘तिरो देवनागरी मराठी’ याच कारणासाठी वेगळा केलेला आहे. ‘मुक्ता’, ‘बालू’, ‘मोदक’ हेही खुल्या परवान्याचे आहेत. ‘दऱ्या’मधला अर्धा र डोक्यावर गेला तर फॉन्टला दोष देण्याआधी टंकलेखन तपास, बहुतेक वेळा नुक्त्याचा ऱ टाइप केलेला नसतो.

मग अक्षरांचे शेप, म्हणजे नुसते आकार, कर आणि लगेच शिरोरेषा वेगळी काढ. हा सगळ्या कामाचा कणा आहे. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला आपापला शिरोरेषेचा तुकडा असतो आणि शेजारच्याशी तो किंचित चढलेला असतो. अक्षरं अर्धपारदर्शक करून आणलीस तर त्या सांध्यांवर गडद ठिपके दिसतात. अक्षरांतलं अंतर वाढवलंस तर रेघ तुटते. म्हणून अक्षरांच्या डोक्यावरची रेघ कापून टाक आणि तिच्या जागी एकच अखंड पट्टी काढ. वेलांटीचा दांडा खालच्या तुकड्यात राहू दे, वरचा फेटा वेगळा कर; मात्रा, रफार आणि अनुस्वारही वेगळे.

आपण वहीत लिहितो तेव्हा आधी अक्षरं लिहितो आणि शेवटी डोक्यावरून रेघ ओढतो. पडद्यावरही तेच करून बघ. सहा अक्षरांचं शीर्षक धरू. पहिलं अक्षर दहाव्या फ्रेमला निघू दे, पुढचं प्रत्येक तीन फ्रेमनं मागे, आणि प्रत्येकाला जागेवर यायला दहा फ्रेम. शेवटचं अक्षर पस्तिसाव्या फ्रेमला बसतं. शिरोरेषा तेहेतिसाव्यालाच सुटू दे, म्हणजे शेवटचं अक्षर बसण्याआधी. वाट बघत थांबलेली रेघ मेल्यासारखी वाटते. बारा फ्रेममध्ये ती डावीकडून उजवीकडे जाते, आणि जिथून गेली तिथे मागोमाग वेलांटीचे फेटे, मात्रा, अनुस्वार वर उमलतात. हे बहुतेक पंचेचाळिसाव्या फ्रेमपर्यंत संपतं. पुढच्या 65 फ्रेम काहीही हलवू नकोस. त्या अवधीत शीर्षक मोठ्यानं दोनदा वाचून होतं का पाहा. होत नसेल तर आधीचं आटप, होल्ड कापू नकोस. शेवटच्या पंधरा फ्रेम जाण्यासाठी.

ढोलकीवर बसवायचं ठरवलंस तर लय आधी ठरव. 25 फ्रेमला मिनिटाला 120 ठोके घेतलेस तर दर ठोक्याला साडेबारा फ्रेम येतात आणि एकाआड एक ठोका अर्धी फ्रेम चुकतो. 100 ठोक्यांना पंधरा, 125 ठोक्यांना बारा, दोन्ही स्वच्छ बसतात. दृश्य ठोक्याच्या एक फ्रेम आधी पोहोचलं तर चालतं. उशिरा पोहोचलं की लगेच खटकतं.

पहिली चाचणी मोबाइलवर, आवाज बंद करून, हात लांब करून बघ. अनुस्वार दिसत नसेल तर तो मोठा कर, रंगाला हात लावू नकोस.

पुढच्या शनिवारी येताना फाइल आणली नाहीस तरी चालेल. पंचवीस चौकटींचा कागद, वीस ‘अ’ आणि मुगाचा आलेख घेऊन ये.

तुझा हितचिंतक