यादीतले तीनच पेपर निवड

प्रिय,

अर्जासाठीची तुझी प्रकाशनांची यादी आणि पत्र, दोन्ही वाचलं. पेपर अठरा, एच-इंडेक्स नऊ, आणि पत्रभर त्या नऊचीच काळजी.

होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे मोजमाप सुचवलं. नऊ म्हणजे तुझ्या नऊ पेपरना प्रत्येकी किमान नऊ सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या लेखांत आलेले संदर्भ. त्यातल्या एखाद्याला नऊशे मिळाली तरी आकडा जागचा हलणार नाही. शिवाय तो कधी खाली येत नाही, नुसतं टिकून राहिलं तरी हळूहळू चढतो. आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या रिव्ह्यू लेखांनी तर फारच लवकर चढतो, कारण मूळ प्रयोग शोधत बसण्यापेक्षा रिव्ह्यूचा हवाला देणं सोपं असतं. (तुझ्या नऊपैकी तीन रिव्ह्यू आहेत, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.) इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल एवढंच, की ती नियतकालिकातल्या लेखांना मिळालेल्या सायटेशन्सची सरासरी आहे. तुझ्या पेपरचे गुण तिथे लिहिलेले नसतात.

आपल्याच विषयातली, रोगप्रतिकारशास्त्रातली, एक गोष्ट सांगतो. काही टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) प्रतिकार थोपवतात, ही कल्पना १९७०च्या आसपास रिचर्ड गर्शन यांनी मांडली आणि पुढची दहा-बारा वर्षं 'सप्रेसर' टी पेशींवर पेपरांचा पाऊस पडला. चांगली नियतकालिकं, मोठी नावं, एकमेकांना भरपूर सायटेशन्स. या पेशींची खूण म्हणून आय-जे नावाचा रेणू धरला होता आणि त्याचं जनुक उंदराच्या एमएचसी या प्रतिकाराशी निगडित जनुकांच्या भागात ठराविक जागी असायला हवं होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला डीएनए तपासला, तर जनुक नव्हतंच. सगळं क्षेत्र बसलं. पुढे कितीतरी वर्षं लोक तो विषय काढायलाही कचरत.

शिमोन साकागुची मात्र त्याच प्रश्नाला धरून राहिले. १९९५ साली त्यांच्या गटाने 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'मध्ये दाखवलं, की पृष्ठभागावर सीडी२५ ही खूण असलेल्या पेशी वगळून उरलेल्या टी पेशी थायमस (टी पेशी जिथे तयार होतात ती ग्रंथी) नसलेल्या उंदरांना दिल्या, तर त्या उंदराच्याच अवयवांवर उलटतात, आणि सीडी४ व सीडी२५ या दोन्ही खुणा असलेल्या वगळलेल्या पेशी सोबत दिल्या तर आजार टळतो. या पेपरची ताकद कशात होती? सीडी२५ विरुद्धचं प्रतिपिंड (त्या खुणेलाच चिकटणारं प्रथिन) हाताशी असलेल्या कुणालाही तोच प्रयोग करून बघता येत होता. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल एका बायोटेक कंपनीत काम करत होते. २००१ मध्ये त्यांच्या गटाने फॉक्सपी३ हे जनुक शोधलं, २००३ मध्ये त्याचा या पेशींशी संबंध जुळला आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल साकागुचींसह या तिघांना मिळालं. ब्रूस ग्लिक यांचा कोंबडीच्या बर्सा या अवयवावरचा पेपर तर 'सायन्स'ने परत केला होता. १९५६ साली तो कुक्कुटशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींचं सगळं शास्त्र त्याच्यावर उभं आहे.

आता तुझ्या यादीकडे ये. सायटेशन्स मोजू नकोस, उघडून वाच. तुझा पेपर दुसऱ्याच्या लेखात कुठे आलाय? प्रस्तावनेत, 'टी पेशी महत्त्वाच्या असतात' या वाक्यामागच्या चौदा संदर्भांच्या घोळक्यात, की पद्धतींच्या भागात, 'आम्ही यांच्याप्रमाणे पेशी वेगळ्या केल्या' म्हणून? पहिल्या प्रकारची पन्नास सायटेशन्स दुसऱ्या प्रकारच्या पाचांपुढे मला फिकी वाटतात. पेशी वेगळ्या करण्याच्या पद्धतीवरचा तुझा तो छोटा पेपर तू यादीत खाली ढकललायस, पण अनोळखी प्रयोगशाळांनी तपशील मागितले ते त्याचेच ना? मग त्याला वर आण. प्रत्येक प्रतिपिंडाचा क्लोन (नेमका वाण), गेटिंगचा (मोजलेल्यांतून हव्या त्या पेशी निवडण्याचा) क्रम, फ्लो सायटोमेट्रीच्या (एकेक पेशी मोजण्याच्या तंत्राच्या) मूळ फाइल्स, सगळं सार्वजनिक भांडारात ठेव. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याबद्दल कुणी शाबासकी देणार नाही. तरीही कर.

अर्जासाठी अठरातले तीन निवड. प्रत्येकाखाली चार ओळी: आधी काय ठाऊक नव्हतं, तुला काय दिसलं, दुसऱ्या कुणाला तेच दिसलं का, आणि त्यात तुझ्या हातचं काम कोणतं. शेवटचा मुद्दा गाळू नकोस. बावीस लेखकांच्या पेपरात तुझं नाव अकरावं असेल, तर तू नेमकं काय केलंस हे तू सांगितल्याशिवाय समितीला कळायचा मार्ग नाही. चौथ्या पेपरसाठी मन ओढ घेईल, तेव्हा यादीच दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दे.

इम्पॅक्ट फॅक्टरसारख्या नियतकालिकाच्या आकड्यांवरून माणसाला जोखू नये, असं संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ पासून सांगतोय आणि अनेक संस्थांनी त्यावर सह्याही केल्या आहेत. तरी समितीतल्या कुणाची ना कुणाची नजर आकड्यावर जातेच. तेव्हा फॉर्ममध्ये एच-इंडेक्सचा रकाना असेल तर नऊ लिही, बिनदिक्कत. फक्त कुठल्या डेटाबेसमधून घेतला तेही शेजारी लिही, कारण गूगल स्कॉलरचा आकडा सहसा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सपेक्षा मोठा निघतो आणि तपासणारे तपासतात.

तुझा,
सर