जेट बोटीचा रिव्हर्स अडकला तर

प्रश्न : माझ्या जेट बोटीचा रिव्हर्सचा दांडा मध्येच अडकतो आणि जोर लावूनही पुढे सरकत नाही. गिअरबॉक्स उघडावा लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. जेट बोट मागे नेताना इंपेलर (पाणी मागे ढकलणारे पात्यांचे चाक) उलटा फिरत नाही; नॉझलवर, म्हणजे झोत बाहेर पडतो त्या तोंडावर, एक बकेट (वाटीसारखे झाकण) उतरते आणि पाण्याचा झोत पुढच्या दिशेला वळवते, त्यामुळे दोष बहुतेक वेळा ही बकेट, तिच्या पिना किंवा तिला ओढणारी केबल यांतच सापडतो. दांड्यावर जोर मात्र लावू नये, कारण त्याने केबल वाकते आणि एका बिघाडाचे दोन होतात.

बोट पाण्याबाहेर घेऊन इंजिन बंद करावे, किल्ली काढावी, बॅटरीची तार सोडवावी आणि मगच बकेटच्या टोकाकडून केबल सुटी करून बकेट हाताने वरखाली करून पाहावी. ती सहज फिरली, तर दोष केबलमध्ये किंवा दांड्यात आहे. आतून गंजलेल्या केबलमध्ये तेल सोडत बसण्यापेक्षा ती बदललेलीच बरी. बकेटच जड वाटली, तर पिना आणि बुशांभोवती (पिना ज्यांत फिरतात त्या कड्यांभोवती) साचलेली वाळू, शेवाळ व क्षार काढून मरीन ग्रीस (पाण्यात टिकणारे ग्रीस) लावावे, आणि दगडाला घासून बकेटचा कान वाकला आहे का, तेही पाहावे.

नवी केबल जोडल्यावर दांडा पूर्ण पुढे असताना बकेट झोताच्या वाटेतून संपूर्ण वर उचलली जाते, याची खात्री करावी. ती किंचित जरी खाली राहिली, तरी वेग घटतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर हा भाग गोड्या पाण्याने धुवावा.