केमोची सायकल पुढे ढकलली, आता आजार वाढेल का?

भांडुपच्या काकू, वय 58. निदान डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसिका गाठींचा एक कर्करोग), स्टेज 3. दर 21 दिवसांनी एक अशा आर-चॉपच्या (या आजारावरच्या केमो आणि जोडीच्या औषधांचा संच) सहा सायकल, म्हणजे फेऱ्या, ठरलेल्या. चौथीच्या दिवशी रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी आठवड्याने यायला सांगितलं. मुलगी फाइल घेऊन समुपदेशनाला आली. "ताई, आधी स्टेज 3 होती. दोन सायकलनंतरच्या पेट स्कॅनमध्येही 3 लिहिलंय. आणि आता केमोच थांबवली. आईचं काही खरं नाही ना?"

आधी तो 3 चा घोळ सोडवायला हवा, तो फार घरांमध्ये होतो. स्टेज 3 म्हणजे आजार छाती-पोटामधल्या पडद्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडच्या गाठींत होता. स्कॅनमधला 3 हा डोव्हिल स्कोअर, फ्रान्समधल्या ज्या गावी 2009 साली तो ठरला त्या गावाच्या नावाचा. स्कॅनमध्ये दिसणारी गाठीची चमक छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपेक्षा जास्त, पण यकृतापेक्षा जास्त नाही, तर 3. पाचपैकी 1 ते 3 हा या उपचारात साधारणपणे चांगला प्रतिसाद धरतात. म्हणजे ज्या आकड्याने लेकीची झोप उडाली होती, तो खरं तर चांगली बातमी होता.

आता रक्त. पांढऱ्या पेशी 2,400, त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, 30 टक्के. गुणाकार केला की 720. हीच एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलची एकूण संख्या, आणि सायकल द्यायला ती सहसा 1,000 च्या वर लागते. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते. त्यात रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जाही सापडते. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पेशी तळाला जातात आणि 21 व्या दिवसापर्यंत सावरतात. 21 दिवसांचं अंतर त्यासाठीच आहे. या वेळी मज्जा सावरली नव्हती.

का, ते बोलता बोलता कळलं. केमोनंतर दुसऱ्या दिवसापासून पेशी वाढवणारी इंजेक्शनं सात दिवस घ्यायची होती. कंबर, मांड्यांची हाडं ठणकू लागली म्हणून तिसऱ्या इंजेक्शननंतर घरच्यांनीच बंद केली. ठणका असतो तो मज्जा कामाला लागल्याने; डॉक्टरांना विचारलं असतं तर वेदनेवर गोळी मिळाली असती. शिवाय ही इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात. परळहून लोकलने नेताना आइसपॅकची पिशवी हवी, पण इंजेक्शन बर्फाला चिकटून गोठता कामा नये. रोज टोचून घेणं जमत नसेल तर सायकलला एकदाच घ्यायचं इंजेक्शनही मिळतं. खर्चाचं बोलणं आधीच करावं.

मग आठवड्याने आजार वाढेल का? पेशी सावरण्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या इतक्या विलंबाने उपचार वाया जात नाही. बरा होण्याजोगा आजार असताना औषधाची मात्रा कमी करण्यापेक्षा काही दिवस थांबून पूर्ण मात्रा देणं बऱ्याचदा पसंत करतात. 720 वर केमो रेटली, तर साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. मात्र लग्नासाठी, गावच्या जत्रेसाठी घरच्यांनी परस्पर तारीख हलवणं वेगळं. ते करू नका, निदान आधी विचारा.

त्या आठवड्यात काळजी करायची ती तापाची. 100.4 फॅरनहाइट दिसला की रात्रीचे दोन असले तरी रुग्णालय गाठायचं. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही; ताप दबतो, संसर्ग नाही.

आठव्या दिवशी एएनसी 2,100 आली, चौथी सायकल पूर्ण मात्रेत झाली. जाताना मुलीने विचारलं, सहावी झाली की लगेच स्कॅन काढू का? नाही, सहा ते आठ आठवड्यांनी. केमोनंतरची सूज आणि त्या इंजेक्शनांनी उजळलेली मज्जा लगेचच्या स्कॅनमध्ये चमकतात, आणि नसलेल्या आजाराची भीती घरात येते.