दगडाच्या टप्प्याइतकं अंतर

ताई,
आठ महिन्यांपूर्वी माझी मोठी बहीण गेली. रोज रात्री आम्ही फोनवर प्रार्थना करायचो. ती बोलायची, मी आमेन म्हणायचे. आता प्रार्थनासभेत माझी पाळी जवळ आली की घसा आवळतो. तीन महिने मी जातच नाही. पहाटे सगळे झोपलेले असताना अंधारात खुर्चीवर बसते, बायबल मांडीवर, न उघडता. आधी फार शांत वाटायचं. हल्ली डोळे मिटले की तिचे हॉस्पिटलमधले शेवटचे दिवस दिसतात. यजमान म्हणतात, तू माणसांतून उठत चालली आहेस. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, तुझा विश्वास डळमळलाय. मी प्रार्थना करते की नुसती बसते? हे पळणं आहे का?

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचलं आणि मला हन्ना आठवली. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ती भेटते, मूल होत नाही म्हणून व्याकूळ झालेली. मंदिरात ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती, ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. एली याजकाने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, बाई प्यायलेली आहे. मी कितीतरी वर्षं ही गोष्ट तिला झालेल्या मुलासाठीच वाचत आले. मग एकदा लक्षात आलं की आयुष्य देवाच्या सेवेत घालवलेल्या माणसालासुद्धा समोरची प्रार्थना ओळखता आली नव्हती. त्या बाईंचा राग धरू नका. पण त्यांचं म्हणणं मनात घर करू देऊ नका. एलीला निदान आपली चूक कळली आणि त्याने हन्नेला शांतीने जा म्हटलं.

तुम्ही प्रार्थनाच करता आहात. शब्द तुमच्या बहिणीकडे होते, ते तिच्याबरोबर गेले. आमेन म्हणणाऱ्या माणसाला एका रात्रीत सगळी प्रार्थना स्वतः उचलता येत नाही. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या 8व्या अध्यायात म्हटलंय की, काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. अनिर्वाच्य म्हणजे ज्याला शब्द नाहीत असं. मग तुम्हाला ते सापडत नाहीत यात विश्वासाची उणीव कुठे आली?

आता पळण्याबद्दल. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात प्रभू येशू पहाटे, अजून अंधार असताना, उठून एकांतात जातो. शिमोन आणि त्याचे सोबती शोधत शोधत मागे येतात आणि सांगतात, सगळे तुमचा शोध करताहेत. त्या वाक्यात थोडी तक्रारच आहे, तुमच्या यजमानांच्या बोलण्यासारखी. प्रभूने त्याबद्दल माफी मागितलेली नाही. तेव्हा पहाटेच्या त्या खुर्चीबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. ती सोडू तर मुळीच नका.

पण मला तुमच्याशी जास्त बोलायचंय ते गेथशेमानेबद्दल, अटक होण्याआधी प्रभूने जिथे प्रार्थना केली त्या बागेबद्दल. त्या रात्री प्रभूला एकांत हवा होता, आणि माणसंही हवी होती. मत्तय सांगतो की त्याने पेत्राला आणि जब्दीच्या दोन्ही मुलांना जवळ घेतलं आणि इथेच थांबा, माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवलं. लूक अंतरही सांगतो. तो त्यांच्यापासून दगडाच्या टप्प्याइतका, म्हणजे फेकलेला दगड पोचेल इतका, दूर गेला. किती नेमकं अंतर आहे हे! कोणी ऐकणार नाही इतकं लांब, आणि कोणाला हाक मारता येईल इतकं जवळ. तिथे त्याने तीनदा तेच शब्द उच्चारले. नवे शब्द त्यालाही शोधावेसे वाटले नाहीत. सोबती झोपी गेले हेही खरं. तुमचीही माणसं कधीतरी झोपतील, चुकीचं बोलतील. तरी ती त्या टप्प्यात असू द्या.

तीन महिन्यांत तुमचं अंतर थोडं वाढलंय, एवढंच मला वाटतं. यजमानांना आज सांगा, 'मी पहाटे देवापाशी बसते, मला बोलता येत नाही. तुम्ही शेजारच्या खोलीत जागे राहाल का?' त्यांना आत बोलवायला हवं असं नाही. प्रार्थनासभा चालवणाऱ्यांना आधीच कळवा, 'मी येईन, पण माझी पाळी वगळा. मी फक्त आमेन म्हणेन.' ते तर तुम्हाला येतंच. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ एक शब्दही न बोलता बसले होते. नंतर ते बोलायला लागले तिथे बिघडलं. मंडळीत एखादी अशी गप्प बसणारी बाई नक्की असेल, तिच्या शेजारी बसा.

आणि ती शांतता आटली त्याचं. आविलाच्या संत तेरेसा (1515–1582) यांनी प्रार्थनेवर किती लिहिलंय, पण आपल्या आत्मचरित्रात त्यांनी कबूल केलंय की काही वर्षं प्रार्थनेचा तास कधी संपतोय याचीच त्यांना घाई असायची, घड्याळाच्या ठोक्याकडे कान लागलेला असायचा. तरी त्या बसत राहिल्या. समाधान मिळालं तरच प्रार्थना झाली असं धरलं, तर सगळ्यात कठीण दिवसांत आपण देवाकडे जाणारच नाही.

हॉस्पिटलमधली ती दृश्यं ढकलू नका. ढकलली की जास्त जोराने येतात. तुम्ही काय पाहिलं ते देवाला जसंच्या तसं दाखवा, 'प्रभू, हे बघ' एवढं म्हणून. मग एका श्वासाबरोबर 'प्रभू येशू', दुसऱ्याबरोबर 'दया कर'. मांडीवरचं बायबल कधी उघडावंसं वाटलं तर स्तोत्र 88 उघडा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे. मला त्याचा फार आधार वाटतो. वीस मिनिटं पुरेत. ती दृश्यं फारच अंगावर आली तर डोळे उघडा, दिवा लावा, त्या दिवसापुरतं उठा.

एक विचारायचं राहिलं. झोप येते का? जेवता का? एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, उठवून खायला-प्यायला दिलं, पुन्हा झोपू दिलं. देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली ती खूप पुढे, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर. म्हणून झोप उडाली असेल, ती दृश्यं दिवसाही पाठ सोडत नसतील, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच जा, आणि यजमानांना सोबत घ्या. यात देवावर अविश्वास नाही.

आणि एक. एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही बहिणीचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. मला ते कळायची गरज नाही. पण उद्या पहाटे, त्या अंधारात, देवापुढे ते एकदा मोठ्याने घ्या. त्या दिवशी दुसरं काही बोलता आलं नाही तरी चालेल.

तुमची,
ताई